पाटीवरचे ‘कॉन्व्हेंट’ आणि वर्गातल्या बाई

वऱ्हाडात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला जो अर्थ प्राप्त झाला आहे, तो कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. मूळ अर्थ धर्मभगिनींचा मठ. अमरावतीत आणि अकोल्यात मात्र दोन खोल्या, एक घसरगुंडी, भिंतीवर मिकी माउस आणि दारावर इंग्रजी पाटी एवढी सामग्री जमली की कॉन्व्हेंट तयार होते. पाटीवर कधी एखाद्या देवीचे नाव असते, कधी संस्थाचालकांच्या मातोश्रींचे. पुढे ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द ठरलेला. त्या आवारात सिस्टर कधी पाऊलही ठेवत नाही, क्रूस नसतो, मठ तर नसतोच. ‘पोरगं कोणत्या कॉन्व्हेंटात टाकलं?’ या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे केजी-वनमध्ये कोठे घातले एवढाच होतो.

शब्द उसना घेतला याचा आम्हांस राग नाही. भाषा अशीच वाहते. परंतु हा शब्द का घेतला गेला, याचा विचार व्हावा. त्या शब्दामागे एक विश्वास उभा होता. शिकवण्याची रीतसर तालीम घेतलेल्या आणि त्याच कामात आयुष्य घालवणाऱ्या स्त्रियांनी तो मिळवला होता. पाटी रंगवणाऱ्याने शब्द उचलला, विश्वासही उचलला आणि तालीम तेवढी मागे ठेवली.

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात आणि पहिल्या पंधरवड्यातच या कॉन्व्हेंटांच्या फाटकाशी पालकांची कुजबुज सुरू होते. बाई नुसत्या बारावी झालेल्या आहेत म्हणे. वर्ग त्यांना आवरत नाही. आमच्या मुलीच्या दंडाला दुसरे मूल चावले, बाईंना पत्ताच नव्हता. कोणी म्हणते, बाई मुलांना रागावतात. कोणी म्हणते, मुळीच रागावत नाहीत. आणि शेवटी हमखास येणारा प्रश्न, ‘मॅडमले इंग्रजी येते काय?’

ही तक्रार रास्त आहे, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. तीन वर्षांचे मूल ज्याच्या हाती सोपवायचे, त्याची पात्रता विचारणे हा पालकांचा अधिकार नव्हे, कर्तव्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की ही रास्त तक्रार चुकीच्या दारावर नेली जात आहे आणि चुकीच्या मापाने मोजली जात आहे. दार चुकले म्हणून बाई अपमानित होतात आणि चालक सुखरूप राहतात. माप चुकले म्हणून मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

प्रथम तक्रारीचा रास्तपणा पाहू. एकाच इमारतीत शेजारशेजारच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आणाव्या. एका खोलीत पहिलीचा वर्ग, दुसरीत केजी-टू. पहिलीच्या शिक्षकास अध्यापनाची पदविका हवी. २०१० सालच्या अधिसूचनेपासून शिक्षक पात्रता परीक्षाही हवी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर असा निर्णय दिला की, ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे गेला. वीस वर्षे शिकवलेले शिक्षक पुन्हा अभ्यासाला बसले आहेत. आणि भिंतीपलीकडच्या खोलीत, जेथे मूल आणखी लहान, आणखी बोबडे आणि आणखी असहाय आहे, तेथे उभ्या असलेल्या बाईंना शासनाच्या वतीने कोणी काहीही विचारत नाही.

हे अज्ञानाने झाले असेही म्हणता येत नाही. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावर अहवाल दिला. दप्तराचे ओझे या एका मुद्द्यामुळे तो गाजला. परंतु त्यात बालवाड्यांविषयीही स्पष्ट शिफारस होती. पूर्वप्राथमिक संस्था उघडण्यावर व चालवण्यावर कायद्याचे नियंत्रण असावे, जागा, कर्मचारी व खेळसाहित्य यांचे निकष ठरवावेत, प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात आणि एवढ्या लहान मुलांवर लेखन-वाचन-अंकांचा मारा करू नये, असे समितीने सांगितले होते. महाराष्ट्राने १९९६ साली पूर्वप्राथमिक केंद्रांसाठी कायदा केला, पण त्याच्या नावातच ‘प्रवेशाचे नियमन’ होते. मूल दारातून आत कसे यावे याची चिंता कायद्याने वाहिली. आत कोण उभे आहे याची नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला आणि तीन ते सहाच्या मुलांसाठी, कलम ११ मध्ये, शासनाने ‘व्यवस्था करावी’ अशी सौम्य अपेक्षा व्यक्त केली. २०१४ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने पूर्वप्राथमिक शिक्षकाची किमान पात्रताही लिहून काढली : बारावीला ५० टक्के गुण आणि त्यावर बालशिक्षणाची किमान दोन वर्षांची पदविका, किंवा त्या शाखेची बी.एड. पदवी. म्हणजे पात्रता कागदावर आहे. परंतु ज्या केंद्राला आजवर मान्यताच घ्यावी लागली नाही, त्याच्या दारात तो कागद घेऊन जाणार कोण? २०२५ मध्ये शासनाने खासगी बालवाड्यांना आपली माहिती संकेतस्थळावर नोंदवण्यास सांगितले. यशपाल समितीच्या शिफारशीनंतर बत्तीस वर्षांनी आपण मोजणीपर्यंत आलो आहोत.

आणि हे घडावे तेही अमरावतीसारख्या गावात! येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. मुलांना लेझीम आणि मल्लखांब शिकवायचा तरी आधी शिक्षक घडवावा लागतो, हे या गावाला फार पूर्वी कळले. त्यासाठी येथे महाविद्यालय उभे राहिले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण शिकायला आले. याच गावात १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळांची दारे उघडली. शरीर घडवणाऱ्याला तालीम हवी, हे ज्या गावाने ओळखले, त्याच गावाला तीन वर्षांचे मन घडवणाऱ्याला तालीम लागत नाही असे वाटावे, याचा अचंबा कोणालाच का वाटत नाही?

अमरावतीचे या विषयाशी आणखी जवळचे नाते आहे, आणि ते आपण विसरलो आहोत. ज्यांनी मराठी बालशिक्षणाचा पाया घातला त्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या होत्या. पदवीधर, स्वतंत्र बुद्धीच्या या स्त्रीने पुढे राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवले आणि ते सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात शिकाऊ वृत्तीने काम पत्करले. प्राचार्यबाईंना लहान मुलांपुढे उभे राहण्याआधी पुन्हा शिकावेसे वाटले, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले, १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्या सोबतीला होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्याची कल्पना येथे निघाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशाला मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील एक ठिकाण मेळघाटातील धारणी होते. म्हणजे अमरावती जिल्हाच. ज्या मातीशी या कामाचे असे दुहेरी नाते आहे, तेथे बालवाडीची बाई निवडताना ‘घराजवळ राहते, वेळ आहे, पगार थोडा घेईल’ एवढी पात्रता पुरेशी व्हावी, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

आता चुकीच्या मापाविषयी. पालकांच्या हाती दोन मापे असतात. एक इंग्रजीचे, दुसरे मायेचे.

इंग्रजीचे माप हाती घेतलेला पालक बाईंच्या तोंडून चार इंग्रजी वाक्ये ऐकतो आणि समाधान पावतो. घरी वऱ्हाडी बोलणारे मूल शाळेत दिवसभर गप्प बसते, याची त्याला खंत नसते. उलट शिस्त लागली असे वाटते. मूल पहिल्या दिवसांत रडते ते आईसाठी. पण ते रडणे कोणाच्या कानी पडावे, तर त्या कानाला मुलाची बोली कळली पाहिजे. धारणीच्या कोरकू बालकाला प्रमाण मराठी जितकी परकी, तितकीच अकोल्याच्या पोराला केजी-वनमधली इंग्रजी परकी. जाणती बाई मुलाच्या बोलीचा हात धरून त्याला पलीकडच्या भाषेत नेते. अजाण बाई त्याची बोली आधी बंद करते. दोघींचे इंग्रजी उच्चार सारखेच असू शकतात.

मायेचे माप अधिक फसवे आहे. ‘शिक्षण कशाला हवे, बाई मायाळू आहेत ना?’ असे म्हणणारे अनेक भेटतात. माया हवीच. परंतु माया म्हणजे ज्ञान नव्हे. ज्या मुलाने दुसऱ्याला चावा घेतला, त्याच्यापाशी आपला राग सांगायला अजून शब्द नाहीत. त्याला बदडून किंवा ‘वाईट मुलगा’ म्हणून कोपऱ्यात बसवून शब्द येत नाहीत, हे मायेला ठाऊक नसते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे अजून पुरती तयार झालेली नसतात. त्या हातात पेन्सिल कोंबून चार रेघी वहीत पानभर अक्षरे गिरवून घेण्याऐवजी त्याला माती, मणी, कणकेचा गोळा द्यावा, हेही माया आपोआप सांगत नाही. वर्गात नावाने हाक मारल्यावर न वळणारे, कोणाच्या डोळ्यांत न पाहणारे, एकच चाक तासभर फिरवत बसणारे मूल हट्टी आहे की त्याला तज्ज्ञाची गरज आहे, हा विचार ज्या बाईच्या मनात वेळेवर येतो तिने त्या घरावर उपकार केलेले असतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची आरोग्य पथकाकडून वर्षातून दोनदा तपासणी होते. खासगी कॉन्व्हेंटातले मूल त्या यादीत येत नाही. म्हणजे तेथे हे ओळखणारे डोळे एकट्या बाईंचे. ते डोळे तयार केलेले नसतील, तर मूल पहिलीत जाईपर्यंत केवळ ‘मस्तीखोर’ म्हणवून घेते आणि हातची वर्षे निघून जातात.

याला आम्ही पात्रता म्हणतो. प्रमाणपत्र हा तिचा पुरावा आहे, तीच नव्हे. सहा महिन्यांचा कोणताही अभ्यासक्रम पूर्ण करून भिंतीवर चौकट लावल्याने ही दृष्टी येते असा आमचा दावा नाही. परंतु प्रमाणपत्राने सारे येत नाही म्हणून प्रमाणपत्रच नको, हा युक्तिवाद आपण डॉक्टरांच्या बाबतीत कधी करतो काय?

येथे कोणी अभ्यासू वाचक मारिया मॉन्टेसरींचे उदाहरण देतील. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, रोममधील गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांजवळ ठेवलेली तरुणी प्रशिक्षित शिक्षिका नव्हती, ही गोष्ट खरी. पण त्या तरुणीच्या पाठीशी स्वतः मॉन्टेसरी होत्या. वैद्यकशास्त्र शिकलेली आणि मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षे काम केलेली ही स्त्री मुलांचे बारकाईने निरीक्षण करीत होती. आणि दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, त्यांनी शिक्षकांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला. गिजुभाईंचेही तसेच. वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढणाऱ्या या माणसाने १९२५ मध्ये अध्यापन मंदिर सुरू केले. ज्यांना पदविकेची गरज नव्हती त्यांनीच इतरांसाठी तालमीची सोय प्रथम केली. आमच्या गल्लीतील चालक स्वतः मॉन्टेसरी नाहीत आणि अध्यापन मंदिरही काढीत नाहीत. पाटीवर मात्र ‘मॉन्टेसरी’ हा शब्दही ‘कॉन्व्हेंट’च्या शेजारी खुशाल रंगवतात.

आता चुकीच्या दाराविषयी, आणि येथे आम्हांस पालकांशी थोडे कठोर बोलणे भाग आहे. वर्ग आवरत नाही म्हणून आपण ज्या बाईंवर आवाज चढवता, त्यांच्यापुढे किती मुले बसवली आहेत, हे आपण मोजले आहे काय? तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस असावे, असे २०१३ साली केंद्र शासनाने बालशिक्षणाचे धोरण आणि मानके ठरवताना सांगितले. चाळीस मुले, एक बाई, आणि मुलांची शी-शू काढायला दोन वर्गांत मिळून एक मावशी, अशी मांडणी असेल, तर एकाचा चावा दिसणार कसा? त्या वर्गात गिजुभाई आणले तरी त्यांची एक पाठ मुलांकडे राहीलच. मुलांची संख्या बाई ठरवत नाहीत. आपला पगारही बाई ठरवत नाहीत. मे महिन्याचा पगार न देणे, जूनमध्ये नव्या बाई कमी पैशांत ठेवणे, हे व्यवहार आपल्या दोन्ही शहरांत कोणाला ठाऊक नाहीत? पदविका घेतलेली मुलगी अशा पगारावर टिकत नाही, आणि मग चालक हात वर करून सांगतात की प्रशिक्षित बाई मिळतच नाहीत. मिळत नाहीत हे खरे नाही. त्या मोलात मिळत नाहीत.

शासनाचा कित्ताही निराळा नाही. अंगणवाडी सेविकेकडून पोषण आहार, लसीकरण, वजन-उंची, गृहभेटी, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरील माहिती, एवढे सारे आटोपून पुन्हा बालशिक्षण अपेक्षित आहे. आणि तिला दिले जाते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सेविकांना उपदानाचा हक्क आहे असे ठरवले, तेव्हा त्या बालशिक्षणाचे काम करतात याचीही दखल घेतली. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना रस्त्यावर यावे लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पाया म्हटले. पाया घालणाऱ्या गवंड्याला सर्वांत कमी मजुरी देणारे घरमालक आपणच.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शिशुवर्गातील बालिकांवर शाळेतल्याच कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या काळजाचा ठोका चुकला. त्यानंतर शाळाशाळांतून कॅमेऱ्यांची मागणी झाली. कॅमेरा जरूर बसवावा. परंतु कॅमेरा घडून गेलेले दाखवतो. मूल आज गप्प का आहे, शौचालयात जायला का भिते, हे विचारायला मुलांशी बोलण्याची तालीम घेतलेली बाई लागते, आणि तिने विचारावे यासाठी तिच्यापुढे थोडी मुले लागतात. या दोन गोष्टींवर खर्च करण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त पडतो, म्हणून तो लवकर बसतो.

राहता राहिला फीचा प्रश्न. पात्र बाई ठेवल्या तर फी वाढेल, असे चालक सांगतात आणि पालक घाबरतात. आम्ही विचारतो, गणवेशाच्या दोन जोड्या, केजीच्या मुलाची आठ पुस्तके, वार्षिक संमेलनातील भाड्याचे पोशाख, पदवीदानाचा झगा आणि टोपी यांवर आज जो पैसा जातो, तो कोणाच्या खिशातून जातो? तीन वर्षांच्या मुलाला पुस्तकांची गरज नाही. त्यांतील अर्धा पैसा बाईंच्या पगारात घातला तरी फी न वाढवता बरेच साधेल.

म्हणून पालकांनी यापुढे प्रश्न बदलावेत आणि ते चालकांना, लेखी विचारावेत. बाईंनी बालशिक्षणाची कोणती तालीम घेतली आहे? एका बाईंकडे किती मुले आहेत? मदतीला कोण आहे? बाईंना बारा महिन्यांचा पगार मिळतो काय? या चार प्रश्नांची उत्तरे दरवाजावरील पाटीइतक्याच ठळक अक्षरांत आत फळ्यावर लावलेली असावीत. ज्या बाई आज अप्रशिक्षित आहेत त्यांना काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी पदरमोड करून वर्ग सांभाळला आहे. त्यांना शिकायला पाठवा, त्या काळाचा पगार द्या, आणि परतल्यावर पगार वाढवा.

आणि हे प्रथम आमच्याच अंगणात व्हावे. वऱ्हाडात ख्रिस्ती संस्थांच्या शाळांतही शिशुवर्ग आहेत. अल्पसंख्याक म्हणून घटनेने आपल्याला आपल्या संस्था चालवण्याचे जे स्वातंत्र्य दिले आहे, त्याचा आधार घेऊन पात्रतेचा प्रश्न टाळणे आपल्याला शोभणार नाही. कायद्याने विचारण्याआधी आपण फळा लावावा. आपल्या शिशुवर्गात किती मुले, किती बाई, कोणाची काय तालीम, कोणाला किती पगार, हे प्रत्येक शाळेने येत्या जूनमध्ये पालकांसमोर मांडावे. धर्मभगिनींनी वर्षानुवर्षांच्या कष्टाने ज्या शब्दाला पत मिळवून दिली, तो शब्द आज गल्लोगल्ली पाटीवर टांगला गेला आहे. तो परत मागण्यासाठी न्यायालयात जाण्याचे कारण नाही. आपल्या वर्गातल्या बाई कोण आहेत हे उघडपणे सांगण्याची तयारी ठेवली, म्हणजे खरे कॉन्व्हेंट कोणते हे पालक आपोआप ओळखतील. आणि शेजारच्या पाटीवाल्यालाही आज ना उद्या आपला फळा लावावा लागेल.